चिंचेचे भाऊबंद

आमच्या ह्यांना झाडांचं वेड आहे, हे लग्न ठरवताना मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही. मुलगा पाळक आहे, निर्व्यसनी आहे, गळा गोड आहे, एवढंच सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, तक्रार नाही. पण ज्या माणसाला मंडळीचा सांभाळ करायला पाठवलंय, तो सकाळी उठून आधी रोपांची विचारपूस करतो आणि मग बायकोची, हे कुठल्या बाईला रुचेल? मी नगर शहरात वाढलेली, मास्तरांची मुलगी, तोंडानं फटकळ. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ह्यांची बदली पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावी झाली आणि माझ्या वाट्याला एक दगडी देऊळ, त्याच्यामागचं कौलारू घर आणि भोवती नुसता माळ आला.

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. गोऱ्या मिशनरी लोकांनी ते कधीकाळी बांधलं आणि आवार असं ऐसपैस आखलं, की रविवारी अख्खी मंडळी आली तरी कोपऱ्यात मावावी. आवारात काय, तर खडक, कुसळं, कुठंकुठं बाभूळ, आणि फाटकाजवळ एक विहीर. विहीर मात्र खरी. तिला कधी तळ दिसला नाही असं गावात म्हणत. पहिल्या दिवशी सामान टेम्पोतून उतरायच्या आधी हे त्या माळावर जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, इथं जिल्ह्यातलं प्रत्येक झाड लावू. एकेक. मी म्हटलं, आधी चूल लावू.

पण ह्यांनी डोक्यात घेतलं की घेतलं. त्यांना फुलबाग नको होती, फळबागही नको होती. आपल्या मुलखात जी जी झाडं उगवतात त्यांतलं एकेक लावायचं, प्रत्येकाखाली नावाची पाटी ठोकायची, आणि कुणीही यावं, बघावं, सावलीला बसावं. शाळेची पोरं यावीत, बाजाराला निघालेली माणसं यावीत. ह्यांनी नाव काढलं ‘वृक्षोद्यान’. गावात ते कुणाच्या जिभेवर बसेना. लोक ‘पाळकांचं रान’ म्हणायला लागले, आणि तेच राहिलं.

देवळाच्या पंचांची बैठक आमच्या ओसरीवर झाली. पंच म्हणजे मंडळीनं निवडलेली जाणती माणसं. एकानं विचारलं, पेरू-लिंबं लावा की, पिंपळ-पळसाचं काय लोणचं घालायचंय? दुसऱ्याला काळजी, की फाटक सताड उघडं ठेवलं तर शेळ्या शिरतील. शेवटी सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा म्हणजे पंचांतले सगळ्यांत वयस्कर. त्यांची बायको कधीच गेलेली, मुलगा श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात, घरी एकटे. पंचाहत्तरी गाठलेली, पण मनगट असं की रहाटाची दोरी हातात घेतली की घागर आपणहून वर यायची. बोलणं कमी, आणि बोलले की त्यावर कुणी बोलत नसे.

बाबा म्हणाले, “लावू द्या. पर फाटकाला कडी न्हाई लावायची. आन् फाटकापाशी, हिरीच्या अंगाला, येक चिच लावायची. ती माजी.”

ह्यांनी विचारलं, चिंचच का? बाबांनी काठी उचलली. ती वाढायला फार वर्षं घेते, असं ह्यांनी सांगितलं. बाबा उठता उठता म्हणाले, ठावं हाय. आणि गेले.

त्या पावसाळ्यात आमचं घर म्हणजे रोपवाटिका झाली. हे सायकलवरून, एस.टी.तून, ओळखीच्या जीपमधून रोपं आणत. गर्भगिरीच्या डोंगरातून अंजन, धावडा, बेहडा. ओढ्याकाठून करंज आणि उंबर. कुणाच्या बांधावरून आपटा, कुणाच्या पडक्या भिंतीतून उपटलेला पिंपळ. माझ्या पिठाच्या डब्यात बिया, माझ्या न्हाणीत भिजत घातलेल्या शेंगा. एकदा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बोरांतल्या निम्म्या आठळ्या हे मोजून परत मागायला लागले, तेव्हा मी चांगलीच भडकले. पण खोटं कशाला बोलू, रोपं धरली की मलाही बरं वाटायचं. लहानसं पान दोन दिवस मान टाकतं आणि तिसऱ्या दिवशी ताठ होतं, ते बघून जीव थंड व्हायचा.

बाबांची चिंच त्यांनी स्वतः लावली. आळं केलं, शेणखत घातलं, भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. मग पावसाळा सरला आणि पाण्याचं काम त्यांनी अंगावरच घेतलं. रोज पहाट फुटली की रहाटाचा कुईकुई आवाज यायचा. पहिली घागर चिंचेला, मग बाकीच्यांना. मंडळीतली निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघून गेलेली, उरलेली शेतात. बाबा नसते तर तेवढी रोपं जगवायला आम्हा दोघांच्यानं होतं का? शक्यच नव्हतं.

पुढच्या वर्षी, ईस्टरच्या जरा आधी, पाट्या आल्या. नगरच्या पेंटरनं पत्र्यावर हिरवा रंग देऊन पांढऱ्या अक्षरांत काढलेल्या. काय देखण्या होत्या! ह्यांनी कॉलेजातल्या कुणा प्राध्यापकाला विचारून मजकूर लिहून दिला होता. वर झाडाचं नाव, खाली जात, त्याखाली फुलोरा कधी, उपयोग काय. हे दिवसभर लोखंडी सळ्या ठोकत होते आणि मी पाट्या पुसून हातात देत होते. ईस्टरला उद्घाटन करायचं ठरलं होतं, तालुक्याचे साहेब येणार होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे रहाटाचा आवाज आला नाही. मला वाटलं बाबांना बरं नसेल. बाहेर येऊन बघते तर बाबा चिंचेपुढं उभे. वाचता त्यांना उत्तम येत होतं. मिशनच्या शाळेत शिकलेले, रोज सकाळी शास्त्र वाचल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. चिंचेच्या पाटीवर लिहिलं होतं: नाव, चिंच. जात, टॅमरिंडस इंडिका.

हे धोतर सावरत आले. बाबांनी पाटीकडं बोट केलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय. ह्यांना वाटलं म्हाताऱ्याला ते लांबलचक विलायती नाव कळत नसेल. म्हणून समजावून सांगायला लागले, की बाबा, प्रत्येक झाडाची जात असते, शास्त्रात तसंच लिहितात.

“कंच्या शास्त्रात?” बाबा म्हणाले. “मी वाचलंय समदं. त्यात न्हाई.”

आता हे म्हणत होते विज्ञानाबद्दल, आणि बाबांच्या लेखी शास्त्र म्हणजे एकच, देवळातल्या चौरंगावर ठेवलेलं बायबल. ह्यांना हसू आलं. बाईमाणसाला हसू कधी आवरायचं ते कळतं, पुरुषांना कळत नाही. बाबांनी हातातली दोरी रहाटाच्या खांबाला गुंडाळली, नीट गाठ मारली, आणि फाटकातून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, की तो शब्द आवारात आहे तोवर मी नाही.

त्या रविवारी बाबा उपासनेलाही आले नाहीत. त्यांची पुढच्या बाकावरची जागा रिकामी राहिली आणि सगळी मंडळी प्रवचन सोडून त्या जागेकडं बघत होती. हे म्हणत होते, येतील, राग निवळेल. कसला निवळतोय! आठवडा गेला. दोरी आम्हीच ओढायला लागलो. आमच्या ह्यांचे हात प्रार्थनेला जोडायचे हात, रहाटाचे नव्हेत. दोन दिवसांत तळव्यांना फोड आले. मी ओढायचे ते निम्मं पाणी परत विहिरीत. चैत्राचं ऊन असं तापलं होतं की बेहड्यानं मान टाकली, अंजन वाळलं. आणि चिंच, जी बाबांनी लेकरासारखी वाढवली, तिची पानं पिवळी पडून गळायला लागली. रोज फाटकातून ये-जा करताना ती दिसायची. झाड गेलं तर दुसरं लावता येईल, पण ते म्हातारं माणूस चिंच पुन्हा लावायला उरणार आहे का?

शेवटी माझा संयम सुटला. तो फार दांडगा कधी नव्हताच. बाजरीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत फडक्यात बांधलं आणि बाबांच्या घरी गेले. मनात ठरवलं होतं की चांगलं खडसावायचं. मंडळीचा मोठा माणूस आणि एका शब्दासाठी रुसून बसतो, म्हणायचं होतं. मी दारात बसले. त्यांनी भाकरी घेतली, मोडली, खाल्ली नाही.

मग त्यांनीच सांगितलं. गावच्या जुन्या विहिरीजवळ पूर्वी एक मोठी चिंच होती. त्यांची आई घागर घेऊन त्या चिंचेखाली बसायची. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. पाणी भरायला आलेल्या कुणा बाईला दया आली, तर ती लांबून, वरून, आईच्या घागरीत पाणी ओतायची. नाही आली तर आई बसूनच. लहानगे बाबा आईच्या पदराशी बसून चिंचोके खेळायचे. कुणी नवीन बाई आली की आधी तोच प्रश्न विचारायची, जात कंची, आणि उत्तर ऐकलं की दोन पावलं मागं सरायची.

“त्यो सवाल कुनी इचारू नये म्हून माजा बाप ह्या देवळात आला,” बाबा म्हणाले. “समदे भाऊबंद तुटले, तरी आला. आन् तुमी त्योच सवाल माज्या चिचंला इचारला.”

मी खडसावायला गेलेली बाई, माझ्या डोळ्यांना धार लागली. आम्ही शहरातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आमच्या घरी हा शब्द कुणी काढत नसे, म्हणून त्याची धार आम्हाला माहीत नव्हती. पेंटरलाही नव्हती, प्राध्यापकांनाही नव्हती. त्यांनी तर पुस्तकात होतं तेच दिलं होतं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चाकू घेतला आणि भर उन्हात एकेका पाटीवरचा तो शब्द आणि त्याच्यापुढचं नाव खरवडत सुटले. फोड आलेल्या हातांनी. मला त्यांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला, तोंडावर म्हटलं मात्र नाही. उद्घाटन पुढं ढकललं. साहेब यायचे ते राहिले ते राहिलेच.

संध्याकाळी बाबा आले. खरवडलेल्या पाट्या बघत एक फेरी मारली. मग रहाटाच्या खांबावरची गाठ सोडली आणि पहिली घागर चिंचेला घातली.

आता प्रत्येक पाटीवर मधोमध एक पत्र्याचा उघडा पट्टा राहिला, तिथं लिहायचं काय? ह्यांना राहवेना, कोणतं झाड कोणत्या झाडाच्या जवळचं ते लोकांना कळलं पाहिजे. त्यांनी सुचवलं, ‘कूळ’ लिहू. बाबा म्हणाले, म्हणजे पुन्हा आम्हीच कुळं, आणि जमीन मालकाची? ‘वंश’ म्हटलं तर बाबांनी नाक मुरडलं. ‘घराणं’ म्हटलं तर मीच हसले, बाभळीचं कसलं आलंय घराणं. बाबा ओसरीच्या कडेला बसून विचार करत होते. मग म्हणाले, भाऊबंद लिवा. उंबराचे भाऊबंद कोण, तर वड, पिंपळ. झालं.

ह्यांना शब्द आवडला, पण शंका आली. भाऊबंद म्हटलं की लोकांना बांधावरची भांडणं आठवतात. बाबा म्हणाले, झाडं काय भांडत नाहीत होय? वरून गप उभी असतात, खाली मुळांनी भांडतात. त्यावर आम्ही तिघंही मनमोकळं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग ह्यांनी रंगाचा डबा घेतला, नगरहून आणलेलं जाड पुस्तक उघडलं आणि आम्ही झाडामागून झाड करत गेलो. उंबर, भाऊबंद वड, पिंपळ, नांदरूक. बाभूळ, भाऊबंद खैर, हिवर. आपटा, भाऊबंद कांचन. बेहडा, भाऊबंद हिरडा, अर्जुन. बाबांना मजा यायला लागली. बेहडा-हिरडा भाऊ आहेत हे त्यांना पटलं, औषधात एकत्रच असतात म्हणे. असं करत फाटकाशी आलो. ह्यांनी पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं, आणि मिटलं.

चिंचेला भाऊबंद नव्हते. सगळ्या पृथ्वीवर तिच्या जवळचं दुसरं झाडच नाही, ती एकटीच. मी ह्यांना डोळ्यानं खुणावलं, की काहीतरी लिहा, गुलमोहर लिहा, काय बिघडतंय? पण आमचे हे खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हेत. बाबांना त्यांनी खरं ते सांगितलं. बाबांनी काठीनं आळ्यातलं ढेकूळ फोडलं.

“लिवा,” म्हणाले. “कुनी न्हाई तर कुनी न्हाई. खरं हाय ते लिवा.”

ह्यांनी लिहिलं: चिंच. भाऊबंद, कोणी नाही.

मला ते अक्षर बघवत नव्हतं, कारण बाबांचं मला तोवर कळलं होतं. त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून भाऊबंदांनी त्यांच्या घरचं पाणी बंद केलं होतं. बाकीचे मरून-पांगून गेले होते, पण एक चुलत बहीण त्याच गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत अजून होती. विधवा, बाबांच्याच वयाची. लहानपणी दोघं त्या जुन्या चिंचेखाली बरोबर चिंचोके खेळलेली. बाजाराला जाताना ती आमच्या फाटकावरून जायची, पण मान कधी वळवायची नाही. बाबा रहाटाशी असले तर त्यांचाही हात तेवढ्यापुरता थांबायचा. इतकी वर्षं एका गावात राहून एकमेकांशी बोलायचं नाही, याला जिद्द म्हणायचं की वेडेपणा, मला आजही कळलेलं नाही.

मग तो पावसाळा कोरडा गेला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर, पोरं सरकारी सुकडीच्या रांगेत, आणि चुलीवर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्या थापताना मोडायच्या आणि गिळताना टोचायच्या. दिवाळीनंतर गावची विहीर आटली. वस्तीवरची त्याआधीच आटली होती. आमच्या देवळाच्या विहिरीत पाणी होतं, खाली गेलेलं, पण होतं.

पुन्हा पंचांची बैठक बसली. एकजण म्हणाला, आधी आपली मंडळी, उरलं तर गाव. दुसरा म्हणाला, माणसांना पाणी नाही आणि झाडांना कसलं घालता, ती राहू द्या. हे मान खाली घालून बसले होते. माणसं तहानलेली असताना झाडांसाठी पाणी मागायला त्यांची जीभ रेटेना. मला कळत होतं की त्यांच्या मनात एकेक रोप मरत चाललंय.

बाबा म्हणाले, गाव येऊ दे, सगळा गाव. पण दोन गोष्टी. घागर भरली की जाताना तांब्याभर पाणी एका झाडाला घालायचं. आणि या विहिरीवर कुणी कुणाला वरून पाणी ओतायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं ओढायचं.

दुसरी अट पंचांतल्या तरुणांना नीट समजली नाही. मला समजली.

गाव आला. आधी मोठ्या मळ्यांवरच्या बायकांनी गडी पाठवले, मग गडीही खडी फोडायला गेले तेव्हा त्या स्वतः आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. बाबा खांबाला टेकून बसत आणि दोरी पुढं करत, बस्स. कुणालाही विचारत नसत, कुणासाठी ओढत नसत. पाटलांच्या घरची सून आणि वस्तीवरची बाई एकामागून एक तीच दोरी धरायच्या. कुरकुर झाली नाही असं नाही. एका आजीबाईंनी नाक मुरडून घागर रिकामीच परत नेली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आल्या. तहान कुणाचं ऐकते?

आणि तांब्यातांब्यानं रान जगलं. ज्याला जे झाड फाटकाच्या वाटेवर सोयीचं, त्याला त्यानं पाणी घातलं. हळूहळू लोकांची झाडं ठरून गेली. कुणी म्हणे माझा पळस, कुणी म्हणे आमचा करंज. ह्यांचा चेहरा उजळायला लागला. फक्त चिंच सुधारेना. पहिल्या चैत्रात तिनं जो मार खाल्ला होता, त्यातून ती सावरली नव्हती. पानं झडून नुसती काडी उरली. हे नखानं साल खरवडून बघायचे, आत हिरवट दिसलं की बाबांना सांगायचे, आहे, जीव आहे. बाबा आपल्या वाट्याच्या पाण्यातलं तिला घालायचे. त्यांनी अंघोळ सोडली होती, हे मला फार उशिरा कळलं.

माघातल्या एका सकाळी ती आली. चुलत बहीण. कमरेत वाकलेली, हातात एक पोचे पडलेली घागर. मी जवळच कपडे वाळत घालत होते. फाटकाशी ती थांबली, तिथून आत पाऊल टाकायला तिला किती वेळ लागला ते बघून मला रडू येत होतं. बाबांनी दोरी पुढं केली, जशी सगळ्यांपुढं करत. तिनं धरली. घागर खाली गेली, भरली, पण वर येईना. तिच्या हातांत तेवढं बळ उरलं नव्हतं. रांगेतल्या बायका बघत होत्या. बाबांची अट सगळ्यांना माहीत होती. कुणी कुणासाठी ओढायचं नाही.

बाबा उठले. तिच्या हातातून दोरी घेतली नाही. तिच्या हातांच्या खाली, त्याच दोरीवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून ओढलं. हातभर-हातभर करत, अगदी सावकाश. घागर काठावर आली. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. जाताना तिनं तांब्या भरून घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि त्या वाळक्या काडीच्या आळ्यात ओतला.

त्यानंतर ती रोज यायची. रोज दोघं मिळून ओढायचे, रोज तांब्या चिंचेला. वस्तीतल्या कुणी सांगितलं होतं की सून पाणी आणून देते, म्हातारी तरी ऐकत नाही.

होळी झाली, पाडवा झाला. एका सकाळी चिंचेच्या काडीला, बुंध्याजवळ, तांबूस पालवीचा एवढासा तुरा फुटलेला दिसला. ह्यांनी आरडाओरडा करून मला हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर काढलं. बाबा रहाटाशी बसले होते. त्यांनी नुसतं बघितलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

तेवढ्यात ती आली. पालवी बघून आळ्याशी वाकून बसली, दोन बोटांनी पान चाचपलं. मग मला हाक मारली. “बाई, ह्या पत्र्यावर काय लिवलंय वो? रोज बगते, वाचता येत न्हाई.”

माझी पंचाईत झाली. खोटं सांगावं तर ह्यांनी लिहिलेलं, खरं सांगावं तर हिलाच काय सांगणार? रहाटाचा आवाज थांबला होता. शेवटी वाचून दाखवलं, जसं होतं तसं. चिंच. भाऊबंद, कोणी नाही.

ती ऐकून घेत होती. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, पदर खोचला, आणि रहाटाकडं तोंड करून, त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बाबांशी बोलली.

“पुस ते, दादा. मी हाय की.”